रात्री आठनंतर भाकरी नाही

लातूर
२२ एप्रिल २०१३

तुझ्या नातीचा पिंजरा घेऊन जा. आठ दिवस झाले, त्याचा उपयोग एवढाच झाला की माझ्याच लेकाचा, संगूचा, पाय त्यात अडकला आणि अंगठ्याचं नख गेलं. मांजर सोडून बाकी सगळं आत येऊन गेलं. एकदा घूस आली, दोनदा नुसत्या मुंग्या. मांजर येते, पिंजऱ्याला एक फेरी मारते, समोर बसते, माझ्याकडं बघते आणि जाते. मी तिला कोंडणार आहे का ती मला, हेच कळेना झालंय.

शरणार्थी, शहजादी, नमस्कार राहूनच गेला होता. आता बाकीचं.

फोन करत जाऊ नकोस. भूकंपात गेलेला कान वीस वर्षांत परत आला नाही, आता दुसराही त्याच्या मागं निघालाय. तुझा फोन आला की मला नुसता भुंगा ऐकू येतो. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये शिलाई शिकवता शिकवता तूच मला अक्षरं शिकवलीस. आता वाचत बस.

सादियानं पिंजरा देताना विचारलं होतं, घाई कशाची. तेव्हा संगू शेजारी उभा होता म्हणून बोलले नाही. आमची मेस तुला माहीत आहे. खाली जेवण, वर अकरा खोल्या, सगळ्या क्लासच्या पोरी. पोरी अर्धी पोळी टाकतात, त्यावर मांजरं वाढतात. एक राखी मांजर आहे, शेपटीला मोड आलेली. तिनं चार वर्षांत किती पिल्लं घातली याचा हिशेब तिच्याकडंही नसेल. मागच्या खेपेला एका पोरीच्या नोट्सच्या खोक्यात व्याली. पोरगी रडली, तिचा बाप आला, संगूला वाटेल तसं बोलला.

तेव्हापासून संगूनं धरलंय. दहा जूनला नव्या बॅचचे आईबाप खोल्या बघायला येतात, त्याआधी मांजरं हलवायची. एक माणूस त्यानं बघून ठेवलाय. तो पोत्यात घालून औशाच्या पुढं माळावर सोडून येतो. मी म्हणाले, "पोत्यात तुला घालून बघू का आधी, कसं वाटतंय ते." तो म्हणाला, "अव्वा, मग तू सांग काय करू." मी सांगितलं, तिची पिशवी काढून घेते. पिल्लं थांबली तर ती राहील. त्यानं हाव म्हटलं, पण दहा जूनच्या आत.

मला तिची माया आहे असं सादियाला वाटू देऊ नकोस. तिच्यामुळं धान्याच्या खोलीत उंदीर नाही, एवढंच. तिला नावसुद्धा नाही. नाव ठेवलं की ते घरचं होतं.

पिंजऱ्यात मी दूधपोळी ठेवली, दहीभात ठेवला, खवा ठेवला, सोमवारी गव्हाची गोड हुग्गी केली होती तीही तूप घालून ठेवली. अजून काय ठेवू?

कमलम्मा

*

नांदेड
२६ एप्रिल २०१३

कमलाक्का, सलाम.

तुझं पत्र मोठ्यानं वाचलं. आमचे मकसूदमियां दाढी करत होते, हसले आणि गालाला कापलं. ते तुझ्या नावावर लिहून ठेव.

अक्का, मांजराला हुग्गी कोण घालतं? ती मांजर आहे, जेवायला बोलावलेले जंगमस्वामी नव्हेत. मांजर वासावर येते. सादिया इथं इतवाऱ्यात मटणाच्या दुकानांमागं पिंजरा लावते, तिथं तर रांग लागते. तिनं सांगितलंय, सुका बोंबील पाहिजे. दोन तुकडे बास.

तुझ्या घरात बोंबील म्हणजे काय ते मला कळतं. दारावर दाजींच्या नावाची पाटी, 'बसलिंगप्पा मेस, शुद्ध शाकाहारी', अन् आत बोंबील. म्हणून पत्र्याचा डबा करून पाठवते. वरून कापड शिवलंय आणि कापडावर लिहिलंय, 'शिलाईच्या सुया'. मियां एसटी चालवायचे तेव्हाचे दोन-चार ड्रायव्हर अजून सलाम करतात, त्यांच्यापैकी कुणाच्या तरी हाती येईल. स्टॅंडवर जाऊन घे.

आता सादियाची रीत ऐक. पिंजरा लावला आणि धरलं, असं होत नाही. पिंजऱ्याचं दार दोरीनं बांधून उघडंच ठेवायचं. रोज एकाच वेळी, एकाच जागी, आत खायला ठेवायचं. चार दिवस तिला आरामात खाऊ दे, जाऊ दे. ते तिला आपलं ताट वाटलं पाहिजे. पाचव्या दिवशी दोरी सोड. दार पडलं की लगेच वर चादर टाक. अंधार झाला की ती गप बसते.

सादिया दर रविवारी लातूरला येते हे तुला माहीत आहे. जनावरांची डॉक्टर झाली, कागद मिळाला, पण हात बसायचा आहे. तिथल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात ती त्यांच्या देखरेखीखाली ऑपरेशनं करते. शनिवारी संध्याकाळी धर, रविवारी सकाळी ने.

माया नाही म्हणतेस, बरं. खवा मात्र ठेवलास.

शहजादी

*

लातूर
६ मे २०१३

शहजादी, तुझ्या सुयांनी घर उठवलं.

स्टॅंडवर कंडक्टरनं डबा हात लांब करून दिला. म्हणाला, "आजी, तुमच्या सुया मेल्यात." मी पदरात घेऊन रिक्षात बसले तर रिक्षावाला दर चौकात मागं वळून बघतोय.

डबा गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं ठेवला. दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटणारी उमाबाई म्हणाली, "अक्का, माळ्यावर कायतरी मेलंय." संगूनं शिडी लावली, माळा उपसला, पोरींची जुनी पुस्तकं खाली आली, काही मेलेलं सापडलं नाही. मी ऊद जाळला. ऊद आणि बोंबील एकत्र आले तर समोरचा किराणावाला माणिकप्पा दुकान सोडून विचारायला आला की कुणाच्या घरी काय झालं.

अडुसष्ट वर्षांत मी त्या गोष्टीला शिवले नाही. चिमट्यानं उचललं. नाकाला पदर बांधला, गळ्यातलं इष्टलिंग पाठीवर टाकलं, त्याच्यासमोर नको. नंतर चिमटा फेकला आणि आंघोळ केली. चार दिवसांत चार आंघोळी जास्तीच्या झाल्या. संगू म्हणाला, "अव्वा, उन्हाळा लई लागून राहिला का तुला?" मी म्हणाले हो.

पण तुझ्या नातीची रीत खरी. चारही दिवस ती आली, आत गेली, खाल्लं, तोंड पुसलं, निघाली. पाचव्या दिवशी पहाटे दोरी सोडली. दार पडल्याचा आवाज मला ऐकू आला नाही, पण भिंतीवरची पाल पळाली म्हणून कळलं. चादर टाकली. मग चादरीचा कोपरा उचलून बघते तर आत माणिकप्पाचा बोका.

मी क्षणभर विचार केला. मग म्हटलं, असू दे, यातला अर्धा गुन्हा ह्याचाच आहे. बोंबलाला तोंड लावायच्या आत दार पडलं होतं, तसाच उपाशी रिक्षात घातला आणि सादियाकडं नेला. तिनं विचारलं, "अक्का, हा कुणाचा?" मी म्हणाले गल्लीचा. काल त्याचं सगळं उरकलं. तासाभरात तो उठून माझ्यावर गुरगुरत होता. तुझ्या नातीचा हात चांगला आहे, तिला सांग. तोंडावर मी सांगितलं नाही, डोक्यात जातं.

आज माणिकप्पा म्हणतो, "अक्का, बोक्याच्या कानाचं टोक कुणीतरी तोडलं." ती खूण असते, ऑपरेशन झालेल्या जनावराला परत धरू नये म्हणून, हे मला सादियानं सांगितलंय. माणिकप्पाला मी सांगितलं, भांडला असेल. बोका तांदळाच्या पोत्यावर झोपला होता, आयुष्यात पहिल्यांदा रात्रभर घरी होता म्हणे. माणिकप्पा खूश आहे.

राखी मात्र आता पिंजऱ्याकडं फिरकत नाही. बोक्याला नेताना तिनं बघितलं. दिवस चाललेत.

कमलम्मा

*

नांदेड
१० मे २०१३

कमलाक्का, सलाम.

कंडक्टरचं वाक्य मियां सगळ्या इतवाऱ्याला सांगून आले. त्या बोक्याचं नाव मात्र माणिकप्पासमोर काढू नकोस, तो दुकानातला तराजू घेऊन येईल.

सादिया म्हणते, घाबरू नको. आठवडाभर पिंजरा हलवू नको, दार परत बांध, आतला घास रोजच्या वेळी ठेवत राहा. ती विसरेल. एकोणीस तारखेचा रविवार तिनं तुझ्यासाठी मोकळा ठेवलाय. आधी मांजरीची आचळं बघ, दूध असेल तर पिल्लं कुठं ठेवलीत ते शोधावं लागतं, नाहीतर आई दवाखान्यात आणि पिल्लं उपाशी. मागची दोन पिल्लं चार महिन्यांची झाली असं तू सादियाला म्हणाली होतीस, म्हणजे त्यांचं काही अडत नाही.

आता सगळ्यात मोठी गोष्ट. सादियानं मला तीनदा सांगितली, मी तुला तीनदा लिहिते असं समज. शनिवारी रात्री आठनंतर मांजरीच्या पोटात काही जाता कामा नये. भाकरी नाही, दूध नाही, बोटावरचं तूपसुद्धा नाही. भुलीचं इंजेक्शन दिलं आणि पोटात काही असलं तर ते वर येतं, श्वासात अडकतं, जनावर टेबलावर जातं. बोका पहाटे धरलास, उपाशीच होता, म्हणून निभावलं.

मी तुझा हात ओळखते, अक्का. शेडमध्ये सरकारी गाडीतून मोजून भाकऱ्या यायच्या, तेव्हाही तू अर्धी बाजूला ठेवायचीस. कुणासाठी विचारलं तर म्हणायचीस, दारात येईल त्याच्यासाठी. वर सांगायचीस, आमच्यात याला दासोह म्हणतात, आलेल्याला उपाशी धाडत नाहीत. ते माणसांसाठी ठेव. एक रात्र मांजरीला उपाशी राहू दे.

शहजादी

*

लातूर
२० मे २०१३

काही झालं नाही. म्हणजे ऑपरेशन झालं नाही. मांजर जिवंत आहे, आधी तेच लिहिते, नाहीतर तू पत्र अर्धवट सोडून रडत बसशील.

शनिवारी संध्याकाळी सहाला सापडली. आचळं कोरडी होती. चादर टाकून पिंजरा जिन्याखाली ठेवला. सकाळी नऊला दवाखान्यात नेलं. इंजेक्शन दिलं आणि थोड्या वेळात तिनं ओकायला सुरुवात केली. मी दाराच्या काचेतून बघत होते. सादियानं तिचं डोकं खाली धरलं, तोंडात बोट घालून साफ केलं. म्हातारे डॉक्टर काहीतरी बोलले, मला ऐकू आलं नाही, पण सादियाचा चेहरा मला दिसला. मग त्यांनी सगळं थांबवलं. दुपारी मांजर डोळे उघडून बसली. परत आणली, सोडली. आता ती मला बघून गच्चीवरून उडी मारते.

रात्री कुणीतरी तिला खायला घातलं. संगूनं पोरींना खाली बोलावून विचारलं. सगळ्यांनी दामिनीकडं पाहिलं. देगलूरची पोरगी आहे, बारावीची, पिल्लांना गच्चीवर दूध ठेवते ते सगळ्यांना माहीत आहे. ती म्हणते, मी नाही. पोरी असंच म्हणतात.

संगू म्हणाला, "सांगूनबी ऐकत न्हाई, अशी पोरगी मला नको." तिच्या बापाला फोन केलाय. महिनाअखेरीला खोली सोडायची.

आता वीस दिवस उरलेत. संगू परत त्या पोतेवाल्या माणसाचं नाव काढतो. माझी तब्येत बरी आहे. इकडं पाणी तीन दिवसांआड येतंय.

कमलम्मा

*

नांदेड
२४ मे २०१३

कमलाक्का,

सलाम शेवटी घालीन, मनात आलं तर.

सादिया रविवारी घरी आली ती जेवली नाही. मी समजले प्रवासानं असेल. सोमवारी म्हणाली, "नानी, मी आता लातूरला जात नाही. माझा हात अजून तयार नाही." मी विचारलं, काय चुकलं? म्हणाली, "मी अक्कांना विचारलं होतं, उपाशी आहे ना? त्या हाव म्हणाल्या. मी अजून एकदा विचारायला पाहिजे होतं." आपली चूक म्हणून ती पोर चार दिवस घेऊन बसलीय. त्या मांजरीचा श्वास तिच्या हातात थांबता थांबता राहिला.

मग मी तिला विचारलं, पोटातून काय निघालं? तिनं सांगितलं. पांढरं, भरड, दुधात कुस्करलेलं, वर तुपाचा तवंग. ज्वारीची भाकरी.

अक्का, तुझ्या मेसमध्ये पोरींना पोळ्या मिळतात. ज्वारीची भाकरी त्या घरात एकाच माणसाच्या ताटात असते. दात धड नाहीत म्हणून पहाटे पाचला दुधात कुस्करून, वर चमचाभर तूप घालून कोण खातं ते मला वीस वर्षांपासून माहीत आहे. मी त्या शेडमध्ये तुझ्या शेजारी बसून खाल्लंय.

तुझ्या पत्रात सगळं आहे, मांजर कधी सापडली, कुठं ठेवली, पाणी कधी येतं. पहाटे काय झालं तेवढं नाही.

तुला मी अक्षरं शिकवली ती यासाठी नाही. देगलूरच्या त्या लेकराचं वर्ष जाईल. माझ्या नातीचा हात जाईल. खरं लिही. मला लिही न लिही, तिथं बोल.

शहजादी

*

लातूर
२८ मे २०१३

शहजादी,

मीच घातली.

पहाटे उठले, भाकरी कुस्करत होते. जिन्याखाली चादर हलली. वर केली तर तिनं जाळीतून पंजा बाहेर काढला. ओरडत होती का नाही मला माहीत नाही, मला ऐकू येत नाही. तोंड उघडत होती आणि मिटत होती. मी वाटीतलं अर्धं आत सारलं. तू तीनदा लिहिलेलं माझ्या लक्षात होतं. विसरले असं म्हणणार नाही.

तू विचारशील का. एकदाच लिहिते, परत विचारू नकोस. घर पडलं तेव्हा मी जोत्याच्या कोपऱ्यात अडकले होते. वर वासे, वाशांवर माती. लोक म्हणतात दुपारपर्यंत होते, मला तो एकच लांबलचक दिवस वाटला. एका फटीतून हात आत आला. वाटी मावत नव्हती. दुधात भिजवलेली भाकरी त्या हातानं चिमटीचिमटीनं माझ्या तोंडात सोडली. काय बोलत होता ते कळलं नाही, कान तेव्हाच गेला होता. बाईचा हात का बाप्याचा, तेही मातीमुळं कळलं नाही. बाहेर काढलं तेव्हा भोवती पन्नास माणसं, सगळ्यांचे हात मातीचे. कुणाला विचारणार?

हे मी तुला शेडमध्ये सांगितलं नव्हतं. तू शिलाई शिकवायला आली होतीस, रडायला नव्हे.

म्हणून कोंडलेल्याला उपाशी ठेवायला मला जमलं नाही. पण त्यानंतर मी सादियाला हाव म्हणाले, आणि दामिनीकडं सगळे बघत होते तेव्हा गप्प बसले, त्याला भूकंपाचं कारण नाही. ते माझं मी केलं. लाज वाटली म्हणून.

तुझं पत्र रविवारी एसटीच्या ड्रायव्हरकडून मिळालं. त्याच दुपारी दामिनीचा बाप आला, नरसिंग म्हणून टेलर आहे. पोरीची पेटी उचलून खाली आणली. पोरी जेवत होत्या. मी पंगतीत उभी राहिले आणि सांगितलं, भाकरी मी घातली. संगूचा वाढायचा चमचा तसाच राहिला. नरसिंगनं पेटी खाली ठेवली आणि म्हणाला, "आजी, मी दोन दिवस दुकान बंद ठेवून आलो." मी म्हणाले, "बसा, जेवा, मग जे बोलायचं ते बोला." तो जेवला. नंतर ताट स्वतः उचलून धुतलं, ते जास्त लागलं.

दामिनीनं मात्र बोलून घेतलं. "अक्का, मी आठवडाभर इथं कुणाशी बोलले नाही. सगळ्या माझ्याकडं चोरासारखं बघून राहिल्या होत्या अन् तुम्ही रोज मला वरण वाढत होता." मी म्हणाले, "खरं आहे." ती म्हणाली, "माफी नको. पुढच्या वेळी पिंजरा माझ्या खोलीत राहील, कुलूप मी लावीन, अन् किल्ली माझ्याकडं." नरसिंग पेटी परत वर घेऊन गेला.

पोरगी कामाची आहे. गच्चीवर ती रोज संध्याकाळी बसते, मांजर तिच्यासमोर पिंजऱ्यात जाऊन खाते. शनिवारी धरते म्हणाली.

सादियाला सांग, तिचा हात खरा आहे. बोक्याच्या वेळी मी बघितलाय. माझ्या हातावरून तिनं आपला हात खोटा ठरवू नये. ती येणार नसेल तर मला तसं कळव, मी संगूला पोतं आणू देईन. पण तिनं यावं.

कमलम्मा

*

नांदेड
१ जून २०१३, सादियाच्या हाती

कमलाक्का, सलाम. मागचाही यातच धर.

तुझं पत्र सादियाला वाचून दाखवलं. ती उठली आणि पिशवी भरायला लागली. आज दुपारच्या गाडीनं निघते, संध्याकाळी हे पत्र तुझ्या दारात टाकेल, रात्री तिच्या मैत्रिणीकडं उतरेल, उद्या नऊला दवाखान्यात.

तुझा तो हात माझा नव्हता, मी तीन आठवड्यांनी आले. असता तर बरं झालं असतं, असं वाटून गेलं.

आता हुकूम. आज रात्री आठपासून तू वरच्या मजल्यावर पाय ठेवू नकोस. दामिनी म्हणेल ते ऐक. पहाटे तुझी भाकरी तुझ्या तोंडात घाल, दुसरीकडं नको.

शहजादी

*

लातूर
११ जून २०१३

शहजादी, शरणार्थी. आधी शरणार्थी लिहिलं म्हणजे काय ते तू समजलीस.

शनिवारी पावणेसातला दामिनीनं मांजर धरली. आठला खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात घातली. मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला, नुसता बघायला, तर वरून म्हणते, "अक्का, खाली." माझ्या घरात, माझ्या नवऱ्याच्या नावाच्या मेसमध्ये. मी खाली गेले.

पहाटे भाकरी केली, दूध घातलं, कुस्करली आणि तशीच झाकून ठेवली. मीही खाल्ली नाही. दाढ दुखत होती.

दवाखान्यात दामिनी आणि मी दोघी गेलो. सादियानं मला नाही विचारलं, दामिनीला विचारलं, "उपाशी आहे?" ती म्हणाली, "ताई, रात्री आठपासून. मी स्वतः." दार लागलं. मी काचेसमोर उभी राहिले. म्हातारे डॉक्टर बाजूला स्टुलावर बसून होते, त्यांनी हात लावला नाही. किती वेळ गेला ते मला सांगता येत नाही. मग सादिया दाराशी आली, तोंडाला फडकं होतं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि आपल्या कानाच्या पाळीला चिमटा घेतला. मला वाटलं ती विचारते, अक्का ऐकू येतंय का. मी मान हलवली, नाही म्हणून. ती हसायला लागली. दामिनीनं माझ्या वहीवर लिहून दाखवलं, 'कानाची खूण केली, म्हणजे झालं.'

मी बाकड्यावर बसले. दामिनीनं पाणी आणून दिलं, ते प्यायले. असं बसलेलं मला तूही कधी बघितलं नाहीस.

मग सादिया बाहेर येऊन शेजारी बसली. मी तिला म्हणाले, "मी तुला खोटं बोलले." ती माझ्या चांगल्या कानाशी येऊन म्हणाली, "हाव, माहीत आहे." एवढंच. तुझी नात तुझ्यापेक्षा कमी बोलते, ते बरं आहे.

आठ दिवस झाले, मांजर हिंडतेय. पोटावरची शिवण सुकली, तू शिकवलेल्या टाक्यापेक्षा बारीक आहे. कानाचं टोक नाही. संगू म्हणतो, "अव्वा, आता तुम्ही दोघी एका कानाच्या." मी त्याला लाटणं दाखवलं. पण पोतेवाल्याला त्यानं स्वतः फोन करून नको म्हटलं, उमाबाईनं ऐकलं आणि मला सांगितलं. काल नव्या बॅचचे आईबाप आले. एका बाईनं जिन्यावर मांजर बघितली आणि नाक मुरडलं. संगू म्हणाला, "ताई, ऑपरेशन झालेली आहे, कानावर खूण बघा. इथं उंदीर दिसला तर खोली फुकट." मी भाकरी खायची थांबले. माझ्या पोटचा आहे हे मला काल पटलं.

माणिकप्पालाही सगळं सांगून टाकलं, सवयच लागली. तो दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी विचारायला आला, त्याच्या मेहुण्याच्या दुकानात दोन बोके आहेत, त्यांचं जमेल का.

दामिनीचा अभ्यास चालू आहे. मला म्हणाली, गुण पडले तर सादियाताईसारखी जनावरांची डॉक्टर होईन. मी म्हणाले, आधी माझ्याशी नीट बोल. ती बोलते. वरण जास्त मागून घेते.

आता कामाचं. राखीची ती दोन पिल्लं पाच महिन्यांची झाली. त्यातली एक मादी आहे, काळीपांढरी. येत्या रविवारी, सोळा तारखेला, तिची पाळी. किल्ली दामिनीकडंच राहील, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पिल्लू लहान आहे, हाडंच आहेत. रात्री आठपासून सकाळी नऊपर्यंत म्हणजे तेरा तास होतात. एवढ्याशा जिवाला तेरा लागतात का दहा चालतात, आठ चालतात का, ते मला कळलं पाहिजे. मी विचारते आहे, करणार नाही. विचारूनच करायचं असं ठरवलंय.

टपालाला वेळ लागेल, मियांच्या ड्रायव्हरकडं चिठ्ठी दे, मी शुक्रवारी स्टॅंडवर उभी राहीन. आणि याचं उत्तर सादियानं लिहायचं, तिच्या हातानं, तासाचा आकडा मोठा काढून. तू लिहू नकोस. तू मला ओळखतेस, तू चार तास वाढवूनच सांगशील.

कमलम्मा